बहिणीचं गाणं

"वहिनी, पोरीले सांगा, ते नाटक बंद कर. नाही त मले करा लागन."

रोशनचा आवाज फोनमधूनही अंगावर येत होता. उषा ओट्यापाशी मेथी निवडत होती. तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला.

"त्यात बंद करासारखं काय आहे, भाऊजी?"

"गोटमारीची बदनामी करून राहिली ते, असं लोक म्हणते. चौकात पोट्टे दुसरं काही बोलूनच नाही राहिले. आपल्याच घरची पोरगी आपल्याच देवीच्या परंपरेले नावं ठेवते, मंग मी कोणत्या तोंडानं उभा राहू नदीवर?"

रोशन हा उषाचा धाकटा दीर. पांढुर्ण्यात संत्र्याचा व्यापार, मागे एकदा नगरपालिकेत पार्षदही होऊन गेलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमारीचे दगड चालतात, तेव्हा पांढुर्ण्याच्या बाजूची पोरं त्याच्याकडे बघून पुढे-मागे सरकतात. त्याचा शब्द चौकात चालायचा. त्यानं नको म्हटलं असतं तर आपल्या लेकीच्या, प्राजक्ताच्या नाटकाला हॉलचं दारही कोणी उघडू दिलं नसतं, हे उषाला पक्कं ठाऊक होतं.

"तुमी पाहिलं काय ते?" तिनं विचारलं.

"नाही. पण मले..."

"मंग आधी पाहा. रविवारी सौंसरले रंगीत तालीम आहे. पाहून जे बोलाचं ते बोला."

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी गाडी घेऊन येतो. दादालेबी सांगा."

फोन ठेवल्यावर उषानं मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली, पण कोणतं पान चांगलं आणि कोणतं किडकं ते तिला दिसेना. दिराला तिनं एक गोष्ट सांगितलीच नव्हती. त्या नाटकात नायकाचं काम राहुल करत होता, आणि तालमीला राहुलची आई दामिनीही येणार होती.

राहुल तिच्या भावाचा मुलगा. उषाचं माहेर नदीपलीकडचं, सावरगावचं. तिचा धाकटा भाऊ गुणवंता गोटमारीत सावरगावच्या काठावर उभा होता, कानामागे दगड लागला आणि नागपूरच्या वाटेवरच गेला. राहुल तेव्हा पाळण्यात होता. त्या दिवशी समोरच्या काठावर रोशन होता, आणि त्याच्यासारखे आणखी शेकडो होते. दगड कोणाचा, हे कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. पण तेव्हापासून रोशन आणि दामिनी एका मांडवाखाली कधी आले नव्हते. एकाला बोलावलं की दुसऱ्याला नाही, हा हिशोब उषा न चुकता सांभाळत आली होती.

रविवारी सकाळी रोशनच्या गाडीतून सगळे सौंसरला निघाले. उषाचा नवरा श्रीधर पुढे बसला होता. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस घरातल्या कुठल्याही वादाला दोनच शब्दांत उत्तर द्यायचा, "जाऊ द्या." तिगाव गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली होती, झाडाखाली क्रेट रचलेले होते. रोशन एरवी संत्र्याच्या भावावरच बोलला असता. आज त्यानं बागांकडे मानही वळवली नाही.

विद्यापीठाचा युवा उत्सव यंदा सौंसरला होता. त्यासाठी एक मंगल कार्यालय घेतलं होतं. प्राजक्ता विद्यापीठात संगीतात एम.ए. करत होती, आणि हे संगीत नाटक तिनंच लिहून, तिनंच चाली लावून बसवलं होतं. गोटमारीची दंतकथा सगळ्यांना माहीत असलेलीच होती. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडायला निघतो, दोन्ही काठांवरून दगड येतात, आणि दोघंही पाण्यातून वर येत नाहीत.

आत पोहोचल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं ते हसणं. छिंदवाड्याकडची हिंदी बोलणारी मुलं कोरसमध्ये होती, आणि त्यातला एक जण "नदीच्या गाळात" ऐवजी प्रत्येक वेळी "नदीच्या गालात" म्हणत होता.

"अरे गाळात! चिखलात!" प्राजक्ता रंगमंचावरून ओरडत होती. "गालात काय, मुका देऊन राहिला काय नदीले?"

मुलं पुन्हा हसली. उषालाही हसू आलं. मग तिला खुर्च्यांच्या रांगेत दामिनी दिसली.

दामिनी उठून उभी राहिली होती. सावरगावच्या शाळेत ती मुलांना शिकवायची. केस आता पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती. तिनं रोशनकडे पाहिलं, रोशननं तिच्याकडे.

"वहिनी," रोशन दबक्या आवाजात म्हणाला, "हे सांगाचं होतं तुमी."

"सांगतलं असतं त आले असते काय?"

तो परत गाडीकडे गेला नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. श्रीधर सवयीनं भावाशेजारी बसला आणि उषा दामिनीजवळ.

"ताई, घाबरू नका," दामिनी हळूच म्हणाली. "मी राहुलचं गाणं ऐकाले आली. बाकी काही नाही."

तालीम सुरू झाली. उषानं लेकीचं काम घरी तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. दार लावून पेटीवर बसलेली प्राजक्ता, एकच ओळ दहा प्रकारे म्हणून बघणारी. पण असं एकसंध पहिल्यांदाच. रंगमंचाच्या डाव्या अंगाला पांढुर्ण्याचा कोरस, उजव्या अंगाला सावरगावचा. मधे निळं कापड, तीच नदी, आणि नदीच्या मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. राहुल त्या कापडाच्या काठाशी येऊन गायला लागला, तेव्हा दामिनीनं उषाचा हात धरला आणि सोडलाच नाही. वरच्या सुरात त्याचा आवाज थोडा फाटत होता, तरी त्यात काहीतरी खरं होतं. मुलीचं काम करणारी पोरगी रामाकोना गावची होती, छोटीशी, पण आवाज भरलेला. दोघं लपूनछपून भेटतात ते गाणं झालं तेव्हा रोशनसुद्धा मांडीवर बोटांनी ठेका धरून होता, हे उषानं तिरक्या नजरेनं टिपलं.

मग गोटमार आली.

खरा दगड एकही नव्हता. कोरसमधली मुलं रिकाम्या हातानं फेकण्याचा आविर्भाव करायची आणि प्रत्येक फेकीला ढोलावर एक थाप पडायची. आधी सुट्या सुट्या. मग जवळजवळ.

"थांबा, थांबा!" रोशन खुर्चीतून उठला. ढोल थांबला. "असा नाही फेकत गोटा. खांद्यातून नाही, कंबरेतून फेकते. पाय असा मांगं..."

बोलता बोलता तो रंगमंचापाशी पोहोचला होता. त्यानं पाय मागे घेतला, कंबर वळवली, हात पाठीमागे पार ताणला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, पण ते अंग सगळं विसरलेलं नव्हतं. कोरसमधली मुलं कौतुकानं बघायला लागली. आणि तेवढ्यात त्याची नजर राहुलवर गेली. राहुल बरोबर समोर उभा होता, सावरगावच्या बाजूला, दोन हातांवर.

रोशनचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा खिशात घातला, आणि जागेवर परत येऊन बसला. दामिनी सरळ समोर बघत होती.

"पुढं घ्या," प्राजक्ता म्हणाली.

ढोल पुन्हा वाजायला लागला. आणि त्याच वेळी रंगमंचाच्या मागच्या भागात उजेड पडला. तिथं एक बाई जात्यावर बसली होती. मुलीची थोरली बहीण, नदीपलीकडे पांढुर्ण्यात दिलेली. नदीवर दगड चालत होते आणि ती जातं ओढत होती; थाप वाढेल तसं जातं जोरात, आणखी जोरात, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये.

उषाला स्वतःचं स्वयंपाकघर दिसलं.

तिच्याकडे जातं नव्हतं. तिच्याकडे मिक्सर होता. गुणवंता गेल्यापासून दर वर्षी गोटमारीच्या दिवशी ती खिडक्या लावून घ्यायची आणि मिक्सर सुरू करायची. काही वाटायचं नसलं तरी खोबरं घालायची, डाळ घालायची, मिक्सर गरम होऊन बंद पडेपर्यंत. नदीवरचा गलका घरापर्यंत येतो, त्याच्यावर हा एकच उपाय तिला सापडला होता. तिला वाटायचं, घरात कोणाला ते कळलेलं नाही. लहानगी प्राजक्ता पाटावर बसून चित्रं काढत असायची, तेवढंच.

रंगमंचावर ढोल थांबला. दोघं निळ्या कापडाखाली गेली. जात्यावरची बहीण उठली, नदीपाशी आली आणि गायला लागली,

"ह्या थडीनं लेक दिली, त्या थडीनं सून केली,
दोघींचाबी दगड माफ, नदी माझी न्हाऊन गेली..."

चाल सुरेख होती. दामिनी रडत होती. श्रीधरनं चष्मा काढला होता. शेवटचा सूर विरला तसं रोशन घसा खाकरून म्हणाला, "चालू द्या. काही बदनामी नाही यात. चांगलं केलं पोरीनं."

"हे गाणं काढ," उषा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली होती, कधी ते तिलाही कळलं नव्हतं.

"आई?"

"काढ म्हणलं. नाही त नाटकच नको करू."

प्राजक्ता रंगमंचावरून खाली उतरली. "आई, तूच त काकाले आणलं. तूच म्हणत होती..."

"ते मले माहीत नव्हतं तवाचं होतं. तू मले विचारलं काय? माझं घरातलं उचललं आणि इथं मांडलं, मले विचारलं काय एका शब्दानं?"

"ताई, मले त आवडलं," दामिनी म्हणाली. "राहुलच्या बाबांसाठी कोणी काही म्हणलं तरी इतक्या वर्षांत."

"वहिनी, पोरीनं वाईट काय लिहिलं?" रोशन म्हणाला. "माफ केलं म्हणते ती बहीण. चांगलीच गोष्ट आहे. उलट..."

"तुमाले आवडणारच, भाऊजी."

उषा हे अगदी शांतपणे म्हणाली.

"जाऊ दे, उषा," श्रीधर म्हणाला. "पोरं आहेत इथं. घरी जाऊन..."

"नाही जाऊ देत. इतकी वर्षं जाऊच दिलं न मी." तिचा आवाज चढला नाही. "मी कोणाले माफ नाही केलं. गोटा कोणाचा होता, मले नाही माहीत. ते मी कधी कोणाले विचारलं नाही, विचारणारबी नाही. पण भाऊजी, दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याले तुमी माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली. दोन पोळ्या घेतल्या, अजून तूप मांगतलं. आणि दुसऱ्या दिवशी डोक्याले रुमाल बांधून नदीवर गेले. एक वर्ष. एक वर्ष घरी राहिले असते, त मी समजली असती का माझा भाऊ गेला हे ह्या घरालेबी कळलं."

ढोल वाजवणाऱ्या मुलानं ढोल मांडीवरून खाली ठेवला.

रोशनचा चेहरा उतरला होता. "वहिनी, तुमी काही बोलल्या नाही," तो म्हणाला. "मले वाटलं... सगळेच गेलते. तुमी ताट वाढत होत्या. मले वाटलं, तुमी मनात ठेवलं नाही."

"ताट वाढणं वेगळं."

ती बाहेर पडली. जाता जाता तिला दिसलं, श्रीधरनं भावाशेजारची आपली खुर्ची सोडली होती. तो येऊन तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि तिची पर्स मांडीवर घेतली.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर ऊन होतं. उषा तिथं बसली. थोड्या वेळानं प्राजक्ता आली आणि एक पायरी खाली बसली.

"मले खरंच वाटलं आई, तू माफ केलं असन. तू काकाशी किती चांगली वागते."

"चांगलं वागा लागते. एकाच घराण्यात राहाचं असते."

"मी दर वर्षी पाहत होती न तुले. मिक्सर लावलेली. मले भीती वाटायची, पण मी विचारलं नाही. मंग मोठी झाल्यावर लिहून काढलं. तुले दाखवाले पाहिजे होतं. तू नाही म्हणशील अशी भीती होती."

उषानं तिच्या केसांत अडकलेला धागा काढला. राग होता, पण तो लेकीवर फार वेळ धरून ठेवता येत नव्हता. इतक्या लहान वयात हिनं ते पाहिलं आणि गप्प राहिली. गप्प राहणं ही आपल्याकडूनच शिकली, हे तिला आता कळत होतं.

"नाटक बंद करू?" प्राजक्तानं विचारलं. "तू म्हणशील त करते. खरंच."

आतून राहुलचा आवाज येत होता. वरचा सूर पुन्हा पुन्हा घोटत होता.

"बंद नको करू," उषा म्हणाली. "पण खोटं नको गाऊ. ती बहीण माफ नाही करत."

"मंग काय करते? शिव्या देते?"

"कोणाले देईन शिव्या? दोन्हीकडं तिचीच माणसं." उषा विचार करत राहिली. "ती विचारते. बस. पुढच्या वर्षी पोळा येते. तवा ती आपल्या माणसाले विचारते, आता तरी घरी राहता काय? आन् तो काही सांगत नाही."

प्राजक्तानं गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. गुणगुणली, थांबली, पुन्हा गुणगुणली.

"औंदा घरी राहता का जी, पुसता पुसता नदी गेली..."

"हं," उषा म्हणाली. "असं."

तेवढ्यात बाजूच्या दारानं गाडीपाशी गेलेल्या रोशनचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता, नेहमीसारखा मोठ्यानं नाही. दोघी ऐकत राहिल्या. त्याच्या एका शब्दावर सगळं अडलेलं होतं, आणि आता त्याचा अपमान झाला होता, तोही परक्या पोरांसमोर, दामिनीसमोर.

"नाही, काही नाही तसं," तो सांगत होता. "पाहिलं मी. सगळे जण या पाहाले. कोणी गडबड केली त माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवतो."

फोन ठेवून तो वळला तेव्हा पायरीवर दोघींना पाहून जरा गोंधळला. उषानंही नजर खाली घेतली.

नाटक झालं त्या दिवशी हॉल भरला होता. पांढुर्ण्याची पोरं खरंच आली होती, मागच्या रांगांत हाताची घडी घालून. गोटमारीच्या प्रवेशात त्यांनी सवयीनं "चंडी माता की जय" असा गजर केला आणि कोरसमधली मुलं दचकून ताल चुकली. ढोलानं सांभाळून घेतलं. मग बहीण पुढे आली. "औंदा घरी राहता का जी" या ओळीला मागं कोणीतरी हसलं. दुसऱ्यांदा तीच ओळ आली तेव्हा कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा, प्राजक्तानं सांगितल्याप्रमाणे, ती बाई गाता गाता थांबली आणि उत्तराची वाट बघत लोकांकडे बघत राहिली. उषाला ते सहन होईना म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. पडदा पडला. टाळ्या उशिरा सुरू झाल्या, पण लवकर थांबल्या नाहीत.

निकालात नाटक दुसरं आलं. परीक्षकांच्या मते कोरसचे उच्चार कमी पडले होते. "गालात!" म्हणून सगळ्यांनी त्या बिचाऱ्या मुलाला धारेवर धरलं.

प्राजक्ता मुलांबरोबर परतीच्या बसमध्ये चढली आणि बस भरून गेली, म्हणून दामिनी आणि राहुल रोशनच्याच गाडीत बसले. कोणी बोलावलं आणि कोणी हो म्हटलं, हे उषाच्या लक्षात आलं नाही. ती गाडीपाशी आली तेव्हा दामिनी मागच्या सीटवर बसलेली होती. संध्याकाळ होत आली होती. पांढुर्ण्यात शिरल्यावर रोशननं घराकडे वळायच्या ऐवजी गाडी सरळ पुलावर घातली. पल्याडच्या सावरगावात उषाच्या भावाच्या घरासमोर गाडी थांबली.

"चहा घेऊन जा," दामिनी उतरता उतरता म्हणाली. तिनं कोणाकडे बघून म्हटलं ते कळत नव्हतं. "सगळे."

रोशन स्टिअरिंग धरून बसला होता. उषा उतरली, श्रीधर उतरला. मग रोशनच्याही दाराचा आवाज झाला.

अंगणात खाटेवर तो अवघडून बसला. आतल्या भिंतीवर गुणवंताचा फोटो होता, अंगणातून दिसत होता. राहुल चहाचे कप घेऊन आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"काका, बरा गायलो काय मी? खरं सांगा."

रोशननं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. "वरचा सूर अजून घोटा लागन," तो म्हणाला. मग फोटोकडे पाहत म्हणाला, "पण तुझ्या बापापेक्षा बराच बरा. तो लय बेसूर होता."

दामिनी दारात थबकली.

"शाळेत आमी दोघं संगं होतो न," रोशन सांगत होता, राहुललाच, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पंधरा ऑगस्टले मास्तरनं आमाले प्रार्थनेत उभं केलं. ह्यानं अशी तान मारली का मुख्य पाहुण्याच्या हातातला नारळ पडला. मास्तर म्हणे, गुणवंता, उद्यापासून फक्त तोंड हालव, आवाज नको काढू. आन् हा पठ्ठ्या तोंड हालवाचा आन् तरी बेसूर वाटाचा."

राहुल हसला. दामिनीनं पदर तोंडाशी नेला आणि पदराआडून हसू फुटलंच.

उषा अंगणात उभी होती. इतक्या वर्षांत तिचा भाऊ कसा मेला हे सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, डॉक्टरनं, पोलिसानं, गल्लीतल्या बायांनी. तो कसा गायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. ती खाटेजवळ गेली.

"सरका, भाऊजी," ती म्हणाली, आणि दिराशेजारी बसली. "मंग? पाहुणा काय म्हणला?"